चांदी रंगाचे पाच हात

डोळा लागायच्या बेतात असला की वामनराव उरकुडेंना आधी कूलरचा आवाज मोठा होताना ऐकू येतो आणि मग तो अजिबात ऐकू येईनासा होतो. आज तसं होत नाही. आज ती घरघर जाड होत जाते, तिच्यात एक ठोका मिसळतो, आणि डोळे मिटून सतरंजीवर पडलेल्या वामनरावांना कळतं की हे इंजिन आहे. तीन सिलिंडरांचं, तिसऱ्याला किंचित अडखळणारं. त्यांच्या स्वतःच्या व्हॅनचं. एकोणतीस दिवस ती अंगणातल्या टिनाखाली बंद उभी आहे, आणि किल्ली त्यांच्या बनियनच्या खिशात आहे.

वैशाखातली दुपार आहे. हिंगणघाटची ती सगळी गल्ली दारं लोटून आडवी झाली आहे. आतल्या खोलीत हेमाची शिलाई मशीन तेवढी चालू आहे. थांबते, पुन्हा चालते. सकाळी बाप-लेकीत वाजलं आहे. उद्या गुरुवारचा बाजार. चंद्रकला होती तोवर एक गुरुवार चुकला नाही. ती परकर शिवायची, वामनराव गाडी चालवायचे, आणि अकरा वर्षं दोघं आठवड्यातले पाच बाजार करायचे. आता परकर हेमा शिवते. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून चार वर्षं ती आईच्या हाताखालीच होती.

"उद्या जाऊ ना बाबा?" तिनं सकाळी विचारलं.

"रंग वाळला नाई अजून."

"चौदा दिवस झाले!"

"मग? नाई वाळला."

"तो रंग गाडी चालवल्यावर वाळते म्हणे. हनीफचाचा माह्या समोर बोलले तुमाले." ती गठ्ठा बांधता बांधता म्हणाली. "वाळत नाई असं नाई. तुमी वाळू देत नाई. ठेवा तशीच. मी एसटीनं जाते."

वामनराव जेवले आणि आडवे झाले.

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे, हे आधी सांगायला हवं. ज्यानं अशा गाडीतून उन्हाळ्यात तासभर प्रवास केला त्याला अधिक सांगावं लागत नाही. धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग, ज्याला मिस्त्री मॅनिफोल्ड म्हणतात, तो चंद्रकलेच्या बाजूला होता. तो लालबुंद तापायचा. त्याच्यावर एक पत्र्याचं झाकण, त्याच्यावर सीटचा पत्रा, त्याच्यावर चार बोटं फोम, आणि त्या फोमवर चंद्रकला. ती परकरांच्या चिंध्यांची गोधडी चौघडी करून अंगाखाली घ्यायची. चैत्र लागला की गोधडीखाली ओलं पोतं. "एक बाजू भाजली जी," ती म्हणायची, "आता उलटवा मले." वामनराव हसायचे. हनीफ मिस्त्रीनं उपाय सांगितला होता: भट्टीच्या धुराड्याला मारतात तो चांदी रंग आणायचा, मॅनिफोल्ड आणि झाकण घासून घ्यायचं, पातळ दोन हात द्यायचे, सीटच्या पत्र्याला खालून एक. निम्मी धग कमी होते. घरच्या घरी होणारं काम, एका रविवारचं.

"येत्या रविवारी करतो," वामनराव म्हणायचे.

चैत्रात चंद्रकलेला ताप आला. आठव्या दिवशी ती गेली. शेवटच्या रात्री तापाच्या भरात तिला वाटत होतं की ती गाडीत बसली आहे. "गाडी थांबवा," ती म्हणत होती. "खालून भाजते. उतरू द्या मले." आणि वामनरावांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, गाडीत म्हणायचे तेच म्हटलं. "आलंच गाव. पाच मिनटं."

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. चंद्रकलेच्या भावानं सांगून पाहिलं, हेमाला अंतर देणार नाही. बहिणीनं सांगितलं, मशीन विकणार नाही. कावळे झाडावर बसून राहिले. मग वामनराव पुढे झाले, वाकले, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "सीटखाली रंग मारतो." पहिला कावळा तेव्हा उतरला.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी त्यांनी रंग मारला. दोन हात नाही, पाच. त्यानंतर गाडी सुरू केली नाही.

आता ती सुरू आहे.

वामनराव डोळे उघडतात, तर त्यांच्या हातात स्टिअरिंग आहे. काचेसमोर रस्ता नाही, त्यांची बैठकीची खोली आहे. व्हॅन खोलीतून सावकाश चालली आहे. डावीकडून टीव्हीचं स्टूल मागे जातं, मग कॅलेंडर, मग खुंटीवरची छत्री. पुन्हा टीव्ही, पुन्हा कॅलेंडर. खोली संपत नाही. शेजारची सीट रिकामी आहे.

"समोर पाहा," मागून आवाज येतो. "छत्रीले धक्का लागन."

चंद्रकला मागे गठ्ठ्यांच्या मध्ये वाकून उभी आहे. एका हातानं वरचा दांडा धरला आहे. अंगावर बाजाराचं पातळ आहे, पदर कमरेला खोचलेला, दातांत दोन टाचण्या. ती वारली आहे हे वामनरावांना ठाऊक आहे. ते ठाऊक असणं आणि ती मागे उभी असणं, दोन्ही एकाच गाडीत मावतं.

"उभी काहून?" ते विचारतात. "बस ना पुढं."

"तापली असन."

"नाई तापत आता. रंग मारला."

"हं." ती टाचण्या काढून पदराला लावते. "रविवार उजाडला म्हणाचा."

वामनराव मान वळवतात, आणि गाडी गुरुवारच्या बाजारात उभी आहे. बाजार पूर्ण भरला आहे, पण माणूस नाही. पालं लागली आहेत, मिरच्यांचे ढीग आहेत, ताजव्यांची पारडी वाऱ्यानं हलताहेत. त्यांच्या ठरलेल्या जागेवर, कडुनिंबाखाली, दोरीवर परकर लटकले आहेत. सगळे एकाच रंगाचे. चांदी. वारा आला की ते पत्र्यासारखे एकमेकांवर आपटतात.

चंद्रकला एका परकराच्या काठाला बोटानं टिचकी मारते. टण्ण आवाज होतो.

"हे कोण घेईन जी? घातल्यावर बाईले बसता तरी येईन का?"

"धग लागणार नाई त्याले," वामनराव सांगतात. आपण माल खपवायच्या आवाजात बोलतो आहोत हे त्यांना कळतं आणि लाज वाटते.

"मले दाखवता आता?"

ती रागावलेली नाही. तेच त्यांना सोसत नाही. ती परकराची शिवण उलटून पाहते, दोऱ्याचं टोक दातानं तोडते. दात लोखंडावर लागल्याचा आवाज येतो.

"चंद्रकला, एक विचारू?"

"विचारा."

ते विचारणार तोच कडुनिंबाचं खोड सलाइनच्या दांड्याएवढं बारीक होतं. दवाखान्याची लांब खोली आहे. खाटांच्या जागी व्हॅनच्या सीटा मांडल्या आहेत, एकीला लागून एक, भिंतीपर्यंत. शेवटच्या सीटवर कोणी तरी आडवं आहे, तोंड भिंतीकडे. वामनरावांच्या हातात कपाळावर ठेवायची ओली घडी आहे, आणि ती त्यांच्या हातातच वाळत चालली आहे. ते बादलीत बुडवतात. बादलीतलं पाणी कोमट आहे.

"ती कोण झोपली?" चंद्रकला त्यांच्या खांद्यामागून विचारते.

"तूच ना."

"मी तं इथं उभी हाय."

भिंतीकडे तोंड केलेली ती म्हणते, "गाडी थांबवा." आवाज फार हळू आहे. "खालून भाजते."

वामनराव पायानं ब्रेक शोधतात. फरशीवर नुसतं पाऊल घासतं. ते जोरानं घासतात, दोन्ही पायांनी. पाय भाजतात.

"काय करून राहिले तुमी?" चंद्रकला विचारते.

"थांबवतो."

"गाडीच नव्हती जी तिथं. काय थांबवता?"

"तू म्हणत होती, उतरू द्या. मी म्हटलं, पाच मिनटं. आलंच गाव."  एकोणतीस दिवसांत हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, हेमालाही नाही. "अकरा वर्षं तेच म्हटलं. आणि मरताना बी तेच म्हटलं तुले. लबाडच बोललो."

चंद्रकला ऐकून घेते. मग त्यांच्या हातातली वाळलेली घडी काढून घेते, झटकते, आणि सवयीनं तिची चौघडी करते.

"आलं ना पण," ती म्हणते.

"काय?"

"गाव. तुमी म्हणाले पाच मिनटं. पाच मिनटातच आलं मले. लबाड कायचं?"

ते तिच्या तोंडाकडे पाहतात. तोंड ओळखीचं आहे, फक्त कडा जरा पुसट आहेत.

"अजून भाजते का तुले?" ते विचारतात. हेच त्यांना विचारायचं होतं.

 शेवटच्या सीटवर आता कोणी नाही, पण फोम दबलेला आहे.

"सवय जात नाई," ती म्हणते. "अजून बसाच्या आधी हात लावून पाहते."

एवढंच. भाजतं की नाही ते ती सांगत नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस वामनरावांना होत नाही. ते मान खाली घालतात. खाली फरशी नाही, शेणानं सारवलेली जमीन आहे. स्वयंपाकघर आहे, पण हे घर बांधायच्या आधीचं, भाड्याच्या खोलीतलं. हेमा तान्ही असतानाचं. झोळीचा दोर आढ्याला हलतो आहे, झोळी दिसत नाही.

चंद्रकला पाटावर बसली आहे. बसली आहे, हे वामनरावांना आधी दिसतं. तिच्यासमोर परातीत मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण आहे, पाच हातांनी चकाकणारं. थापलेल्या वडीकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहते आहे.

"हे तुमी केलं?"

"हाव."

"घासून घेतलं होतं?"

"तारेच्या ब्रशनं. मग पॉलिश पेपरनं. मग थिनरनं पुसलं." ते घाईघाईनं सांगतात, शाळेत पाढे म्हणून दाखवतात तसे. "एक तोळा गंज ठेवला नाई."

चंद्रकला उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे करते आणि झाकणाच्या मधोमध टेकवते. वडी जमली की नाही हे ती असंच पाहायची. आधी नुसतं टेकवायची, मग किंचित दाबायची. ती दाबते. बोट आत जातं.

"वरून वाळलं," ती म्हणते. "आत ओलंच हाय. किती हात दिले?"

"पाच."

"हनीफभाईनं किती सांगतले होते?"

"दोन. पातळ."

"मंग?"

"अकरा वर्षांचं राहिलं होतं ना."

ती हसते. एकोणतीस दिवसांत वामनरावांनी ते हसणं ऐकलेलं नाही, आणि आता ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागतं.

"अकरा वर्षं एका डब्यात कालवून मारले का? बाप्पा, बाप्पा. लेपावर लेप." ती बोट काढते, पदराला पुसते. पदरावर चांदीचा टिकला उमटतो. "आणि आच दाखवली नाई एकदा बी. कसं जमन हे?"

"गाडी सुरू केली असती तं..."

"तं काय?"

"तुयी सीट होती ती. ती तापली नसती, आणि त्याच्यावर तू नसती."

 झोळीचा दोर हलायचा थांबतो.

"उद्या हेमा कायनं जाते?" ती विचारते.

"एसटीनं."

"दोन गठ्ठे घेऊन?"

"हाव."

"आणि तुमी इथं रंग राखत बसता. कावळ्यापुढं बोलले ते अर्धंच केलं जी तुमी. रंग मारतो म्हणाले. माह्या काय उपयोगाचा तो आता? मी का आता बसाले येते?" तिचा आवाज चढत नाही. ती परात त्यांच्याकडे सरकवते. "ती सीट माह्या माहेराहून आणली होती का, कोणी बसू नये म्हणून? पोरीले बसवा."

"आणि तू?"

ती उठते. पाटावर तिच्या बसण्याची खूण राहत नाही. दारात बाजाराचं ऊन आहे, आणि त्या उन्हात छत्री नसलेली खुंटी.

"चंद्रकला."

"समोर पाहा," ती म्हणते. "छत्रीले धक्का लागन."

इंजिन बंद पडतं.

वामनराव सतरंजीवर उठून बसतात. वीज गेली आहे. कूलर थांबला आहे. पाठ घामानं भिजली आहे. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. छत्री खुंटीवर आहे. आतली मशीन पायानं चालणारी, ती चालूच आहे.

ते तोंड धुतात, पाणी पितात, अंगणात येतात. टिनाखाली हवा भट्टीसारखी आहे. ते डावीकडचं दार उघडतात, गोधडी बाजूला ठेवतात, कुलपाची पट्टी ओढून सीट मागे कलंडवतात आणि खाली पाहतात.

झाकणाच्या मधोमध, चांदी रंगात, एका बोटाची खूण आहे.

खोल आहे, स्वच्छ आहे, कडा किंचित वर आलेल्या. ते बराच वेळ वाकून पाहतात. मग आपलं उजवं पहिलं बोट त्यात ठेवतात. मावत नाही. त्यांच्या बोटाचं पेर पूर्वी एकदा गाडीचं काम करताना चेपून पसरलेलं आहे, आणि खूण लहान आहे, निमुळती, टोकाला नखाची बारीक कोर असलेली. ते खाली झाकणाकडे पाहतात आणि मग घराच्या दाराकडे. हेमाची बोटंही लहान आहेत. तिला हाक मारून हात पाहता येईल. ते हाक मारत नाहीत.

ते सीट खाली टेकवतात, फिरून चालकाच्या जागी बसतात आणि खिशातून किल्ली काढतात.

पहिल्यांदा बॅटरी नुसती कण्हते. दुसऱ्यांदा एक आचका. वामनराव थांबतात, पन्नास आकडे मोजतात, पुन्हा फिरवतात. गाडी धरते. तिसरा सिलिंडर अडखळतो, मग लागतो.

घरातली मशीन थांबते. हेमा दारात येते, गळ्यात टेप, कात्री हातात. ती येऊन गाडीच्या दाराला टेकून उभी राहते.

"किती वेळ?" शेवटी ती म्हणते.

"पहिली बारी दहा मिनटं. मग थंड होऊ द्याची. मग वीस. मग अर्धा तास."

"चाचानं सांगतलं?"

"हाव."

दोन मिनिटांत वास सुटतो, जळक्या रंगाचा, डोळ्यांना झोंबणारा. चौथ्या मिनिटाला सीटच्या फटीतून पांढुरका धूर येतो. हेमा पदरानं नाक झाकते, पण हलत नाही. वामनराव मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहतात. दहा मिनिटं पुरी होतात तेव्हा ते किल्ली फिरवतात. एकदम शांत होतं. लोखंड निवताना टिकटिक करतं.

अर्ध्या तासानं ते सीट पुन्हा कलंडवतात. हनीफनं बजावलं होतं तसंच झालं आहे. जाड रंग पापडासारखा फुगला आहे. झाकणभर फोड आले आहेत, काही फुटून त्यांचे पापुद्रे सुटले आहेत, खाली लोखंड उघडं पडलं आहे. चौदा दिवस राखलेल्या पाच हातांतलं काहीच धड राहिलेलं नाही.

मधल्या एका जागेखेरीज. बोटानं दाबून जिथं थर पातळ झाला होता, तिथं तो बसला आहे. घट्ट, गुळगुळीत, राखाडी चांदीचा. वामनराव नखानं कड उचकटून पाहतात. निघत नाही.

"सगळं गेलं वाटते," हेमा वाकून म्हणते. मग तिला ती खूण दिसते. ती पाहते, बापाकडे पाहते, आणि नकळत टेप आपल्या हाताभोवती गुंडाळते. "हे काय?"

"तेवढं राहू दे," वामनराव म्हणतात. "बाकीचं खरवडतो. पॉलिश पेपर आतल्या डब्यात हाय, आण. दोनच हात देतो. पातळ."

"आज?"

"आज. उन्हात तासाभरात सुकते. रात्री झोपाच्या आत तिन्ही बाऱ्या होतात."

हेमा घराकडे वळते, अर्ध्यातून परत येते. कलंडलेली सीट ती खाली करते, आणि वर चढायच्या आधी तळहात फोमवर ठेवते. नुसता टेकवते, मग किंचित दाबते.

वामनराव दुसरीकडे पाहतात.

"भाजते का?" ते विचारतात.